बदामी, ऐहोळे, पट्टदकल दोघांनी एका दिवसात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूरहून गाडी काढून आम्ही नवराबायको आत्तापर्यंत तीनदा बदामीला जाऊन आलो. ओळखीतलं कुणी ना कुणी जोडपं निघायच्या आधी फोन करतं आणि प्रश्न जवळपास तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाची नीट लिहून काढली आहेत. यात राहायच्या हॉटेलांची यादी नाही. एक दिवस, दोन माणसं, एक गाडी आणि उत्तर कर्नाटकातली, चालुक्य राजांची तीन गावं, एवढाच विषय आहे.

एका दिवसात तिन्ही गावं खरंच होतात का?

होतात, पण आदल्या रात्री मुक्काम बदामीत हवा. पहिल्या खेपेला आम्ही पहाटे सोलापूर सोडलं आणि त्याच दिवशी सगळं उरकायचं ठरवलं. ऐहोळेला पोचेपर्यंत दुपारचा एक वाजला होता. दगड तापलेला, पोटात काही नाही, आणि पुढची दोन गावं डोक्यावर. दुर्ग मंदिराच्या ओसरीत बसून आम्ही मंदिर बघायच्या ऐवजी एकमेकांशी भांडलो. त्या दिवसाचे फोटो भरपूर आहेत, आठवण मात्र त्या भांडणाचीच आहे. दुसऱ्या खेपेला आदल्या संध्याकाळी बदामीत पोचलो, रात्री लवकर झोपलो आणि सकाळी साडेसहाला निघालो. तीच गावं, तेच रस्ते, आणि दिवस संपूच नये असं वाटत होतं.

आधी कुठे जायचं?

ऐहोळे, मग पट्टदकल, आणि दुपारनंतर बदामी. बहुतेक जण उलटं करतात, कारण मुक्काम बदामीत असतो आणि लेणी समोर दिसत असतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की सकाळी लेण्यांकडे पाठ फिरवा आणि लांबच्या टोकाला जा.

याला दोन कारणं आहेत. पहिलं उन्हाचं. ऐहोळे आणि पट्टदकलची मुख्य मंदिरं पूर्वाभिमुख आहेत, सकाळचं ऊन थेट दारातून आत शिरतं. बदामीची लेणी गावातल्या तलावाच्या दक्षिणेकडच्या डोंगरात, उत्तरेकडे तोंड करून आहेत. तिथे दुपारी सावली मिळते. आणि तलावाच्या पूर्व टोकाचं भूतनाथ मंदिर मावळतीच्या उन्हासाठीच जणू बांधलंय.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ऐहोळेत कारागीर चाचपडताना दिसतात. देवळाला छप्पर कसं घालावं, मागची बाजू गोल करावी का, शिखर कुठे बसवावं, सगळं करून बघितलेलं आहे. पट्टदकलला त्याच परंपरेचा हात पूर्ण तयार झालेला दिसतो. आधी ऐहोळे डोळ्यांखालून गेलं असेल तर पट्टदकल कळतं. उलट क्रमानं गेलात तर ऐहोळे फिकं वाटतं, आणि तो त्या गावावर अन्याय आहे.

वेळेचं गणित कसं बसवायचं?

बदामी ते ऐहोळे साधारण पस्तीस किलोमीटर, तासाभराचा रस्ता. वाटेत पट्टदकल लागतं, तिथे न थांबता पुढे जायचं. साडेसातच्या सुमाराला ऐहोळे, दहापर्यंत तिथून निघायचं. परत फिरून अर्ध्या तासात पट्टदकल. तिथे साडेबारा-एकपर्यंत. मग बदामी बावीस किलोमीटर, जेवण, तासभर आडवं होणं. साडेतीनला लेणी, पाचच्या सुमाराला तलावाच्या कडेनं चालत भूतनाथ. दिवस हिवाळ्याचा असेल तर सहाला सूर्य मावळतो.

दुपारची ती तासभर झोप चुकवू नका. नवरा पहिल्यांदा ‘आपण काय झोपायला आलोय का’ म्हणाला होता. आता तोच आधी पडदे ओढतो.

ऐहोळेत शंभरावर देवळं आहेत म्हणे. नेमकी कुठली बघायची?

तीन जागा पुरेत: दुर्ग मंदिराचं आवार, रावणफडी आणि मेगुती.

दुर्ग मंदिराच्या नावाचा दुर्गादेवीशी संबंध नाही. कधीकाळी त्याच्या भोवती वा वर तटबंदी होती, त्या दुर्गावरून नाव पडलं. मुळात ते सूर्याचं देऊळ. मागची बाजू अर्धगोल आहे, हत्तीच्या पाठीसारखी. बाहेरून खांबांची ओसरी फिरते आणि आतल्या भिंतीत कोनाडे. आधी बाहेरच्या ओसरीतून एक पूर्ण प्रदक्षिणा घाला. महिषासुरमर्दिनी, नरसिंह, वराह, हरिहर, नंदीला टेकून उभा असलेला शिव असे एकेक भेटत जातात. सकाळी खांबांच्या सावल्या तिरक्या पडलेल्या असतात आणि एका मूर्तीवर ऊन तर दुसरी अंधारात, असं आळीपाळीनं चालतं. त्याच आवारात लाडखान मंदिर आहे. पूर्वी त्यात राहणाऱ्या एका मुसलमान गृहस्थाच्या नावानं ते आजही ओळखलं जातं. त्याचं छप्पर बघा. दगडी फरशांच्या सांध्यांवर लांब दगडी पट्ट्या बसवल्यात, लाकडी घराच्या छपरावर असतात तशा. सुताराची सवय दगडात उतरलेली आहे.

रावणफडी म्हणजे गावाबाहेरचं छोटं लेणं. आत शिरल्यावर डाव्या हाताला नाचणारा दशभुज शिव आणि त्याच्या भोवती मातृका, म्हणजे मातृदेवता. त्या बायकांच्या घागऱ्यांच्या चुण्या अगदी जवळून बघा.

मेगुतीपर्यंत चढावं का? वर फारसं काही नाही असं ऐकलंय.

चढाच. माझ्या मते मराठी माणसानं तर चढायलाच हवं.

वर टेकडीवर एक अर्धवट राहिलेलं जैन मंदिर आहे आणि त्याच्या भिंतीत एक शिलालेख. शके ५५६, म्हणजे इ. स. ६३४. लिहिणारा रविकीर्ती, चालुक्य सम्राट दुसऱ्या पुलकेशीच्या पदरचा कवी. कनोजच्या हर्षवर्धनाला पुलकेशीनं हरवलं, ते सांगताना तो शब्दाशी खेळतो: हर्षाचा हर्ष भयानं गळून गेला. स्वतःची तुलना तो कालिदास आणि भारवी या कवींशी करतो. त्यामुळे हे दोघे ६३४ च्या आधी होऊन गेले एवढं पक्कं ठरतं. संस्कृत साहित्याच्या इतिहासात या एका दगडाला केवढा मान आहे!

आणि याच लेखात पुलकेशी ‘नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकां’चा अधिपती झाला असं लिहिलंय. आपल्या प्रांताचं नाव चौदाशे वर्षांपूर्वी कर्नाटकातल्या एका टेकडीवर कोरलेलं आहे. लिपी वाचता येत नाही, ओळही सापडत नाही, तरी त्या भिंतीसमोर उभं राहिल्यावर माझ्या अंगावर काटा आला होता. वरून मलप्रभा नदीचं खोरं दिसतं ते वेगळंच.

पट्टदकलला सगळी देवळं सारखीच वाटतात. काय बघायचं ते कळत नाही.

हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि याचं उत्तर सोपं आहे. आवारात शिरल्यावर पहिली दहा मिनिटं फक्त वर बघा.

काही शिखरं गोलसर चढत जाऊन निमुळती होतात, आपल्याकडच्या उत्तरेच्या धाटणीच्या देवळांसारखी. काही पायऱ्या पायऱ्यांनी, मजल्यामजल्यांनी चढतात, वर घुमटी. पहिली नागर, दुसरी द्राविड. या दोन पद्धती भारतात इतरत्र शेकडो कोसांवर असतात, इथे हाकेच्या अंतरावर आहेत. काडसिद्धेश्वर, जंबुलिंग, गळगनाथ नागर. संगमेश्वर, विरूपाक्ष, मल्लिकार्जुन द्राविड. युनेस्कोनं १९८७ साली या जागेला जागतिक वारशात घेतलं ते याच संगमासाठी. एवढं कळलं की आवार उलगडतं. मग सगळ्या देवळांत शिरायची गरज राहत नाही. विरूपाक्षासाठी वेळ राखून ठेवा, तासभर तरी.

विरूपाक्षात एवढं काय आहे?

आधी गोष्ट सांगते, कारण ती दोघांनी मिळून ऐकण्यासारखी आहे.

इ. स. ६४२ मध्ये कांचीच्या पल्लव राजानं, नरसिंहवर्म्यानं, बदामी जिंकून घेतली. त्याचा लेख आजही बदामीच्या खडकावर आहे. जवळजवळ शंभर वर्षांनी चालुक्य राजा दुसरा विक्रमादित्य कांचीत शिरला. आता उट्टं काढायची पाळी त्याची होती. पण त्यानं शहर मोडलं नाही. तिथल्या कैलासनाथ मंदिराचं वैभव बघून त्यानं देवाचं सोनं देवाला परत केलं आणि तसा कन्नड लेख त्याच मंदिरात कोरवून ठेवला. शत्रूच्या देवळात आपला विजय लिहायचा, तोही त्याची संपत्ती परत केल्याचा!

या विजयाची आठवण म्हणून त्याच्या दोन राण्यांनी पट्टदकलला शेजारी शेजारी दोन मंदिरं बांधली. थोरली लोकमहादेवी, धाकटी त्रैलोक्यमहादेवी. दोघी सख्ख्या बहिणी. मंदिरांची मूळ नावं त्यांच्यावरूनच होती, लोकेश्वर आणि त्रैलोक्येश्वर. आज आपण त्यांना विरूपाक्ष आणि मल्लिकार्जुन म्हणतो. काळ इ. स. ७४० च्या आसपासचा.

विरूपाक्षात आजही पूजा चालते, म्हणजे पायातलं बाहेर काढून, आवाज खाली ठेवून आत जायचं. समोरच्या मंडपात काळ्या दगडाचा मोठा नंदी, पाठीवर लाल कापड. त्याच्या मागून नदीकडे उतरणारं दार आहे. मलप्रभा इथे उत्तरेकडे वाहते, म्हणून हे ठिकाण पवित्र, आणि म्हणून राज्याभिषेकासाठी निवडलेलं. पट्टदकल म्हणजे अभिषेकाचा दगड.

आत सभामंडपातल्या खांबांवर पट्ट्या पट्ट्यांनी रामायण-महाभारत कोरलंय. एका खांबाशी आम्ही वीस मिनिटं होतो. रावण सीतेला घेऊन निघालाय, जटायू आडवा आलाय. वीतभर जागेत पक्ष्याच्या पंखांची पिसं मोजता येतील इतकी स्पष्ट. दुसरीकडे शरपंजरी भीष्म. कुठे पंचतंत्रातली जनावरं. खिडकीच्या दगडी जाळीतून येणारं ऊन जसं सरकतं तसा एकेक प्रसंग उजळतो आणि मागचा विझतो. नवरा खांबाच्या एका बाजूला, मी दुसऱ्या. ‘इकडे ये, इथे बघ काय आहे’ असं हळू आवाजात एकमेकांना बोलावत राहिलो. आमच्या तिन्ही सहलींत मला सगळ्यात प्रिय असलेली वीस मिनिटं ती आहेत.

बाहेर पडताना लक्षात ठेवा: या मंदिराच्या मुख्य स्थपतीचं नाव आपल्याला माहीत आहे. गुंड. त्याच्या गौरवाचा लेख इथेच आहे, त्याला त्रिभुवनाचार्य ही पदवी दिल्याचा. आपल्याकडे राजांची नावं टिकतात, कारागिरांची क्वचित. आणि वेरूळचं कैलास लेणं बघितलं असेल तर विरूपाक्षाकडे जरा लांबून, तिरकं बघा. ओळख पटेल. कैलासचा आराखडा विरूपाक्षावरून स्फुरला असं अभ्यासक मानतात.

वेळ उरला तर थोडं दक्षिणेला पापनाथ मंदिर आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर रामायणातल्या पात्रांची नावं जुन्या कन्नडमध्ये मूर्तींशेजारी कोरलेली आहेत.

आमच्यापैकी एकाला शिल्पांची आवड आहे, दुसऱ्याला नाही. दिवस कंटाळवाणा होईल का?

आमच्याकडे हेच आहे. मला पाटी न् पाटी वाचायची असते, नवऱ्याला चालायला आणि वर चढायला आवडतं. आम्ही ठरवून घेतलंय: मेगुतीची टेकडी आणि बदामीचा उत्तरेकडचा किल्ला त्याचा, दुर्ग मंदिर आणि विरूपाक्ष माझं. आपल्या जागी आपण वेळ ठरवायची, दुसऱ्यानं घड्याळ बघायचं नाही. उत्तरेच्या किल्ल्याची वाट तांबड्या कड्यांमधल्या अरुंद फटीतून वर जाते. दोन्ही हात पसरले तर भिंती लागाव्यात इतकी ती काही ठिकाणी चिंचोळी आहे. ज्याला मूर्ती बघायच्या नाहीत त्यालाही ती वाट आवडतेच. मात्र ती चढायची असेल तर पट्टदकलहून अर्धा तास आधी निघा.

बदामीच्या चार लेण्यांत किती वेळ जातो?

दीड ते दोन तास. पायऱ्या बऱ्याच आहेत, पण लेण्यांच्या मधे मधे थांबायला कट्टे आहेत.

पहिल्या लेण्यात शिरायच्या आधीच उजवीकडे कातळात अठरा हातांचा नटराज आहे. त्यासाठी सगळेच थांबतात. तुम्ही डावीकडच्या द्वारपालाच्या पायाशीही थांबा. तिथे बैल आणि हत्ती एकाच डोक्यात कोरलेत. एका बाजूनं झाकलं की हत्ती दिसतो, दुसऱ्या बाजूनं झाकलं की बैल. दोघांनी दोन बाजूंनी तळहात धरून बघा.

तिसरं लेणं सगळ्यात मोठं, आणि त्यात तारीख आहे. शके ५००, कार्तिकी पौर्णिमा. म्हणजे इ. स. ५७८ ची आपली त्रिपुरी पौर्णिमा. चालुक्य घराण्यातल्या मंगलेशानं थोरला भाऊ कीर्तिवर्मा राज्यावर असताना हे विष्णूचं लेणं पूर्ण केलं. शेषाच्या वेटोळ्यावर बसलेला विष्णू इथे आहे. आपण त्याला नेहमी पहुडलेला बघतो, म्हणून हा बसलेला वेगळा वाटतो. पण मान वर करा. खांबांच्या वरच्या टोकाला, छताच्या तुळईला आधार दिलेल्या जागी, झाडाखाली उभी असलेली जोडपी आहेत. एकीनं नवऱ्याच्या खांद्यावर हात टाकलाय, एक दमून रेललीय, तो तिला सावरतोय. सगळ्या खांबांवर वेगवेगळी. बहुतेक लोक विष्णू बघून पुढे जातात आणि ही माणसं राहून जातात. छताच्या कडेला जुन्या रंगचित्रांचे अवशेषही आहेत, अंधुक.

चौथं लेणं जैन आहे, लहान, आणि तिथून अगस्त्य तीर्थाचा तलाव सगळ्यात छान दिसतो.

संध्याकाळी भूतनाथाला जावंच का? पाय दुखतात तोवर.

गाडीनं बरंच जवळ जाता येतं, तेव्हा पायांचं निमित्त नको. तलावाच्या पूर्व टोकाला पाण्यात उतरलेली ही देवळं आहेत आणि समोर पश्चिमेला सूर्य मावळतो. देऊळ, मागचा कडा, पाणी, सगळं एकाच रंगाचं होतं. खरं सांगते, फोन ठेवून द्या. घाटावर बायका धुणं आपटत असतात, त्याचा आवाज कड्यावरून परत येतो.

माकडांचा त्रास किती?

लेण्यांपाशी भरपूर. हातात खाण्याची पिशवी, केळं, थंड पेयाची बाटली अजिबात नको. माझ्या पिशवीतली बिस्किटं एका माकडानं चेन उघडून काढली होती. रिकाम्या हातानं गेलात तर ती तुमच्याकडे बघतही नाहीत.

जेवण कुठे आणि काय?

बदामीत खानावळ शोधा. कन्नडमध्येही शब्द हाच आहे, खानावळी. पातळ, कडक ज्वारीची भाकरी, एण्णेगाई म्हणजे भरली वांगी, मोड आलेल्या कडधान्याची उसळ, शेंगाचटणी, कारळाची चटणी, दही. सोलापूरकरांना घरी आल्यासारखं वाटेल. पुण्या-मुंबईकडच्यांनी तिखट कमी सांगावं: ‘खार कडिमे’.

जेवताना अगस्तीची गोष्ट आठवा. इल्वल आणि वातापी हे दोघे राक्षस भाऊ. बोकड बनलेल्या वातापीला शिजवून पाहुण्याला वाढायचं आणि मग इल्वलानं त्याला हाक मारायची, की तो पोट फाडून बाहेर. अगस्तीनं पोटावरून हात फिरवला आणि वातापीला पचवून टाकलं. आमच्या आजी जेवण जड झालं की त्याचाच श्लोक म्हणत पोटावर हात फिरवायच्या. तो वातापी इथला. बदामीचं जुनं नावच वातापी.

ऐहोळेहून वाकडी वाट करायची तयारी असेल तर अमीनगड गावचा करदंट प्रसिद्ध आहे. डिंक, खोबरं, सुकामेवा आणि गूळ. आपल्या डिंकाच्या लाडवाची वडी समजा. टिकतो, म्हणून घरच्यांसाठी न्यायला उत्तम.

बनशंकरीचं दर्शन त्याच दिवशी होईल का?

त्या दिवसात कोंबू नका. आदल्या संध्याकाळी बदामीत शिरायच्या आधी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना जा. अंतर पाचच किलोमीटर आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांची ही कुलदेवता, त्यामुळे तिथे मराठी कानावर पडतंच. समोर मोठं चौकोनी तळं आहे, हरिद्रातीर्थ, कडेनं दगडी ओवऱ्या. देवळाबाहेर बायका टोपल्यांतून भाकरी, भाजी, चटणी घेऊन बसतात. बसून खा, घाई करू नका.

पौष पौर्णिमेपासून जत्रा भरते आणि ती बरेच दिवस चालते. जत्रा बघायची असेल तर याच दिवसांत या. लेणी शांतपणे बघायची असतील तर हे दिवस टाळा. दोन्ही एकत्र जमत नाही.

खण कुठे मिळेल?

हा प्रश्न मैत्रिणींचा, आणि मला फार आवडणारा. गुळेदगुड्ड बदामीपासून वीसेक किलोमीटरवर आहे. आपण ओटीत घालतो, चोळीला वापरतो तो खण मूळचा या गावचा. दुकानात घेण्यापेक्षा विणकराच्या घरी विचारा. माग चालू असेल तर दाखवतात. आम्ही गेलो त्या घरात माग खड्ड्यात बसवलेला होता, आजोबा पाय खाली सोडून बसले होते. धोटा इकडून तिकडे जाताना त्यांचं लक्ष आमच्या बोलण्याकडे, आणि हात आपोआप चाललेले. किनारीजवळ एक धागा तुटला तेव्हा फक्त थांबले, चिमटीत गाठ मारली, पुन्हा सुरू. मी तिथून दोन खण घेतले. भाव केला नाही.

कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून दगड तापतो. मेमध्ये दुपारी अनवाणी विरूपाक्षाला फेरी घालणं अशक्य आहे.

आम्ही एकदा ऑगस्टमध्ये गेलो. आभाळ भरलेलं, कडा ओला होऊन गडद तांबडा, आणि भूतनाथाच्या बाजूच्या कड्यावरून दोन धारा शेजारी शेजारी कोसळत होत्या. त्यांना अक्का-तंगी म्हणतात, थोरली आणि धाकटी बहीण. सकाळी दोन राण्यांची मंदिरं बघून आलेलो, संध्याकाळी या दोघी. मोठा पाऊस होऊन गेल्यावरच त्या दिसतात. पण पावसाळ्यात मलप्रभेचा अंदाज घेऊनच निघा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नदीचं पाणी पट्टदकलच्या मंदिरांत शिरलं होतं.

गाईड घ्यावा का?

पट्टदकलला घ्यावा, तिथे गोष्ट कळली पाहिजे. पुरातत्त्व खात्याचं ओळखपत्र बघून घ्या आणि पैसे आधी ठरवा. ऐहोळेत आपलं आपण फिरलेलं बरं. लेण्यांत, जोडपं बघून फक्त शृंगाराच्या मूर्ती दाखवत सुटणारा एक गाईड आम्हाला भेटला होता. मला फार अवघड झालं होतं. अशा वेळी स्पष्ट सांगा की आम्हाला सगळं बघायचं आहे.

वस्तुसंग्रहालय?

बदामीचं शुक्रवारी बंद असतं. उघडं असेल तर लज्जागौरीच्या मूर्तीसाठी जा. कमळाचं मस्तक असलेली ती देवी बघितल्यावर मी बराच वेळ काही बोलले नाही.

रस्ता कसा आहे? रात्री गाडी चालवावी का?

सोलापूर ते विजयपूर (म्हणजे विजापूर) शंभरेक किलोमीटर महामार्ग उत्तम आहे. पुढे कोल्हारजवळ कृष्णा ओलांडून बदामी. एकूण साडेचार-पाच तास धरा. कोल्हापूरकरांना बेळगावमार्गे सोयीचं. पुण्याहून अख्खा दिवस जातो.

आतल्या रस्त्यांवर ऊस आणि ज्वारी वाहणारे ट्रॅक्टर असतात, अनेकांना मागचा दिवाच नसतो. अंधारात चालवू नका. आणि पट्टदकल-ऐहोळे रस्त्यावर फोनचा नकाशा जवळची वाट म्हणून शेतातून काढतो. आम्ही एकदा तसे गेलो आणि तुरीच्या शेतात रस्ताच संपला. गाडी वळवायला एका शेतकरी जोडप्यानं मदत केली, वर ताक पाजलं. तेव्हा पाट्या वाचत जा, शंका आली की माणसाला विचारा.

कन्नड येत नसेल तर अडतं का?

नाही. हिंदी चालते, काही म्हाताऱ्या माणसांना मराठी समजते. तरी चार शब्द शिकून जा: ‘एल्लिदे’ म्हणजे कुठे आहे, ‘एष्टु’ म्हणजे केवढ्याला, ‘साकु’ म्हणजे पुरे. भाकरी वाढणाऱ्या बाईंना ‘साकु’ म्हटल्याशिवाय त्या थांबत नाहीत.

एवढ्या लांब जातोच आहोत, तर हंपीही जोडावी का?

या दिवसाला नको. हंपीला स्वतंत्र दोन दिवस द्या.

परतीच्या वाटेवर थांबण्यासारखं काही?

कोल्हारचं दही. कृष्णेच्या पुलाच्या अलीकडे-पलीकडे रस्त्याकडेला मडक्यात विरजलेलं दही विकायला असतं. वर सायीचा पिवळसर थर, मडकं उपडं केलं तरी सांडू नये इतकं घट्ट. एक तिथेच उभ्यानं खा. दुसरं घरी न्यायचं असेल तर डिकीत ठेवू नका, पुढच्या गचक्याला फुटतं. जो गाडी चालवत नाही त्यानं ते सोलापूरपर्यंत मांडीवर धरून बसायचं.